आधी पाय दाखवा

मराठी माणसाला ऑटोमॅटिक गाडी विकताना शोरूममधला मुलगा एक वाक्य हमखास टाकतो, "काका, तुम्ही फक्त बसायचं. बाकी सगळं गाडी करते." हे ऐकून काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते मुलीच्या लग्नातही पसरलेलं नसतं, कारण तिथे बसायला मिळत नाही. मग यथावकाश गाडी येते. हार घातला जातो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, चाकांखाली लिंबं ठेवली जातात. काका आत बसतात, किल्ली फिरवतात, इंजिन सुरू होतं. काका गिअरच्या दांड्याला हात घालतात आणि दांडा जागचा हलत नाही.

इथून पुढे गाडीभोवती जमलेली मंडळी ताबा घेतात. "जरा जोरात ओढा." "नवीन आहे, टाइट असणारच." "बटण दाबलं का?" "दाबलंय हो!" "मग अजून एखादं बटण असेल." एक गृहस्थ सांगतात, की त्यांच्या व्याह्यांच्या गाडीत असलं काही होत नाही. व्याह्यांची गाडी साध्या गिअरची आहे, हे नंतर चहाच्या वेळी कळतं. दुसरे गृहस्थ मुहूर्ताबद्दल शंका काढतात. काकू मनातल्या मनात 'मी आधीच म्हणत होते' या वाक्याची जुळवाजुळव करतात. शेवटी डिलिव्हरी द्यायला आलेला मुलगा खिडकीतून वाकून हळूच म्हणतो, "काका, ब्रेक."

काका ब्रेकवर पाय ठेवतात. आत कुठेतरी 'टक्' असा आवाज होतो. दांडा निमूट मागे येतो, गाडी पुढे सरकते, लिंबं फुटतात आणि टाळ्या वाजतात. 'बाकी सगळं गाडी करते' हे खरं असलं, तरी तुमचा पाय कुठे आहे हे कळल्याशिवाय ती काहीही करत नाही. त्या 'टक्' आवाजामागे जे कुलूप आहे त्याला शिफ्ट लॉक म्हणतात, आणि लोक त्याला जेवढ्या शिव्या देतात त्याच्या निम्मं कुतूहल जरी दाखवतील, तरी पुष्कळ पार्किंगमधल्या पुष्कळ भिंती शाबूत राहतील.

हे कुलूप कशाला लावलंय, ते आधी पाहू. दांड्यावर पी, आर, एन, डी अशी अक्षरं असतात. 'पी' म्हणजे पार्किंग हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण 'पी' म्हणजे ब्रेक, अशी जी समजूत आहे ती साफ चुकीची. 'पी'मध्ये कुठलाही ब्रेक लागत नाही. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर एक दातेरी चक्र असतं आणि 'पी'त टाकल्यावर त्या चक्राच्या दोन दातांमधल्या खाचेत एक लोखंडी खिट्टी जाऊन बसते. बस्स. विहिरीच्या रहाटाला असते तसलीच ती खिट्टी. दीड टनाची गाडी, आत पाच माणसं, डिकीत लोणच्याच्या बरण्या आणि वाटेत घेतलेली स्ट्रॉबेरी, एवढा संसार पाचगणीच्या उतारावर त्या छोट्याशा खिट्टीच्या भरवशावर उभा असतो. मालक मात्र समोर कणीस खात 'काय व्ह्यू आहे!' म्हणत असतो.

ही खिट्टी कुणी भलत्या वेळी उचलू नये, म्हणून गिअरच्या दांड्याच्या बुडाशी एक छोटीशी खीळ आडवी घातलेली असते. खीळ मागे घ्यायचं काम सोलेनॉइडचं. सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं. वीज मिळाली की त्याचं चुंबक होतं आणि खीळ ओढली जाते. आता त्याला वीज कधी द्यायची, हे ठरवायला इंजिनिअरांनी कुठलीही नवी समिती नेमली नाही. ब्रेकच्या पेडलपाशी एक स्विच आधीपासूनच होता. आपण पाय दाबला की मागचे लाल दिवे लागतात ते त्याच्याच कृपेने. तीच खबर त्यांनी इकडेही पोहोचवली. किल्ली फिरलेली आहे, ब्रेक दाबलेला आहे, या दोन गोष्टी जुळल्या की खीळ मागे आणि दांडा मोकळा. हल्लीच्या गाड्यांत मध्ये एखादा संगणक बसून हाच निरोप इकडून तिकडे देतो आणि त्याचे वेगळे पैसे लागतात. मूळ कल्पना मात्र एवढीच.

जुन्या घरांत ओसरीवर एक आजोबा बसलेले असत. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते "कुठे निघालात?" एवढं विचारत. उत्तर खरं की खोटं, याची ते चौकशी करत नसत. पण उत्तर दिल्याशिवाय उंबरा ओलांडायची कुणाची हिंमत नव्हती. शिफ्ट लॉक म्हणजे हे आजोबा. त्यांचा प्रश्न एकच, "पाय कुठे आहे?" तुम्ही लायसन्स कसं मिळवलंत, काल किती वाजता झोपलात, फोनवर कुणाशी भांडत आहात, यात आजोबा पडत नाहीत.

आजोबांचे दोन सहकारी आहेत. एक जण दांडा 'पी' किंवा 'एन'मध्ये असल्याशिवाय इंजिनच सुरू होऊ देत नाही. त्यामुळे सेल्फ मारताच गाडीने उडी घेऊन समोरच्याचं तुळशीवृंदावन गाठलं, असं होत नाही. दुसरा किल्लीपाशी बसतो. दांडा 'पी'त टाकल्याशिवाय तो किल्ली बाहेर काढू देत नाही. घाईत 'डी'मध्येच इंजिन बंद करून किल्ली ओढत बसलेला माणूस कधी पाहिलात, तर त्याला मदत करायच्या आधी क्षणभर त्याचं निरीक्षण करा. तो आधी किल्लीला बोलतो, मग कंपनीला, मग महागाईला. दांड्याकडे बघायचं त्याला सगळ्यात शेवटी सुचतं.

एवढा बंदोबस्त कशासाठी, याचं उत्तर अमेरिकेच्या इतिहासात आहे. ऑटोमॅटिक गिअर तिथेच आधी रुजले आणि त्यांचे सगळे घोळही तिथेच आधी झाले. १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स आला. त्यात 'पी' नावाचा प्रकारच नव्हता. गाडी उभी करायची तर इंजिन बंद करून रिव्हर्समध्ये टाकायची, म्हणजे चाकं अडत. पुढे 'पी' आला, पण कितीतरी गाड्यांवर अक्षरांचा क्रम होता पी, एन, डी, एल, आर. 'एल' म्हणजे उतारासाठीचा संथ गिअर, आणि त्याला अगदी खेटून रिव्हर्स! भरधाव पुढे जाणाऱ्या माणसाला गाडी जरा हळू करावीशी वाटली, की हात एक घर जास्त सरकण्याची पूर्ण सोय केलेली होती.

मग बटणांची लाट आली. क्रायस्लर कंपनीने १९५६ ते १९६४ या काळात दांडा काढून त्या जागी बटणं दिली. फोर्डने १९५८ च्या एडसेल गाडीत त्याच्याही पुढे मजल मारली आणि गिअरची बटणं थेट स्टिअरिंगच्या मधोमध बसवली. म्हणजे जिथे माणसाचा हात हॉर्न वाजवायला आपोआप जातो, नेमक्या त्या जागी. ही गाडी त्या काळी आपल्या लक्ष्मी रोडवर आली असती, तर संध्याकाळपर्यंत तिचा गिअरबॉक्स वेगळा आणि चाकं वेगळी झाली असती. अमेरिकेतही ती चालली नाही. हा सगळा सावळागोंधळ निस्तरायला शेवटी सरकारला नियम करावा लागला, आणि १९६८ पासून पुढचा गिअर व रिव्हर्स यांच्या मध्ये न्यूट्रल असलंच पाहिजे असं ठरलं. पी-आर-एन-डी हा क्रम आज आपण बाराखडीच्या श्रद्धेने पाठ करतो. तो असा भांडून, धडकून ठरलेला आहे.

क्रम ठरला म्हणून माणूस सुधारला असं नाही. सत्तरच्या दशकात फोर्डच्या गाड्यांबद्दल तक्रारींचा ढीग पडला. चालक इंजिन चालू ठेवून खाली उतरे, त्याच्या मते दांडा 'पी'त असे, पण प्रत्यक्षात तो 'पी' आणि 'आर'च्या मध्ये कुठेतरी टेकलेला असे. जरा हादरा बसला की तो 'आर'मध्ये घसरे आणि गाडी मालकाला सोडून मागे निघे. कंपनीचं म्हणणं, चूक चालकाची. चालकांचं म्हणणं, चूक कंपनीची. अखेर १९८० मध्ये सरकार आणि कंपनी यांच्यात तडजोड झाली. गाड्या परत बोलावून दुरुस्त करायच्या नाहीत, तर सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना एकेक स्टिकर पाठवायचा! उतरण्याआधी दांडा 'पी'त नीट बसलाय का बघा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, असा त्याचा मजकूर. हा स्टिकर मालकाने स्वहस्ते डॅशबोर्डवर चिकटवायचा. लोखंडाचं काम कागदावर भागवण्याचा एवढा मोठा प्रयोग पाटीवर निस्सीम श्रद्धा असलेल्या पुण्यातसुद्धा झालेला नाही. आपल्याकडे 'येथे गाडी लावू नये' या पाटीखाली गाडी लावलेली असते, पण निदान पाटी दोन कोटी लोकांच्या घरी टपालाने जात नाही.

कुलपाचा खरा अवतार झाला तो ऑडीच्या निमित्ताने. जर्मनीत जिला ऑडी १०० म्हणत, ती गाडी अमेरिकेत ऑडी ५००० या नावाने विकली जाई. म्हणजे समुद्र ओलांडताच तिची किंमत नाही तरी नाव पन्नासपट झालं होतं. गाडी उत्तम, खप जोरात. आणि अचानक लोक सांगू लागले, की ही गाडी आपोआप सुटते. 'पी'मधून दांडा काढला की ती बेभान होऊन गॅरेजच्या भिंतीवर जाते. "मी तर ब्रेकवर उभा होतो हो! जितका ब्रेक दाबावा तितकी ती जास्त पळत होती." २३ नोव्हेंबर १९८६ ला सीबीएसच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या गाजलेल्या कार्यक्रमात हे प्रकरण आलं. त्यात पेडल आपलं आपण खाली जाताना दाखवलं गेलं. त्यासाठी एका तज्ज्ञाने गाडीत आधी काही खटपट करून ठेवली होती, ही गोष्ट नंतर गाजली. पण तोवर अमेरिकेची खात्री पटली होती, की गाडीत भूत आहे. १९८५ मध्ये वर्षाला सुमारे ७४ हजार गाड्या विकणारी ऑडी १९९१ पर्यंत तिथे १२ हजारांवर आली.

सरकारने मांत्रिक न बोलावता इंजिनिअर बोलावले. त्यांनी साधा विचार केला. गाडी अशी पळायची, तर इंजिन बिघडलं पाहिजे, त्याच क्षणी ब्रेकही बिघडले पाहिजेत आणि धडक झाल्यावर दोन्ही आपोआप ठणठणीत बरे झाले पाहिजेत. शिवाय चांगल्या ब्रेकपुढे इंजिनाचं काही चालत नाही; दोन्ही पेडल एकदम दाबली तरी ब्रेकच जिंकतो. १९८९ मध्ये त्यांचा अहवाल आला. क्वचित इंजिनाची चाल मध्येच जराशी वाढे, त्याने चालक दचके, आणि पेडलांची मांडणीही इतर गाड्यांपेक्षा थोडी वेगळी होती, हे त्यांनी मान्य केलं. पण बहुतेक ठिकाणी भूत म्हणजे चालकाचा उजवा पाय होता. ब्रेक समजून तो ॲक्सिलरेटरवर पडत होता आणि गाडी पळू लागली की माणूस आणखी जिवाच्या आकांताने तोच 'ब्रेक' दाबत होता.

यात हसण्यासारखं काही नाही; कारण पायाला डोळे नसतात. मागे वळून बघताना अख्खं शरीर फिरतं, कंबर फिरते, आणि पाय आपली जागा सोडून थोडा सरकतो. त्याला पत्ताही नसतो. डोक्याला मात्र ठाम खात्री असते की आपण ब्रेकवरच आहोत. आपली माणसं गाडी रिव्हर्स घेताना मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या" म्हणतात आणि धडकल्यावर "बस्स!" म्हणतात, त्या ओरडण्यात पायाकडे लक्ष राहणं तर अधिकच कठीण.

ऑडीने या सगळ्यावर जो उपाय काढला तो म्हणजे हे आजोबा. १९८७ मध्ये सुमारे अडीच लाख गाड्या परत बोलावून त्यांत शिफ्ट लॉक बसवलं. तर्क साधा होता. 'पी'मधून बाहेर पडायचंच असेल तर पाय ब्रेकवर हवा. म्हणजे निदान त्या क्षणी तरी तो ॲक्सिलरेटरवर नाही. माणसाला पटवत बसण्यापेक्षा त्याला अडवणं सोपं, हे इंजिनिअरांना तेव्हा उमगलं. ते घरातल्या बायकांना फार आधीपासून माहीत होतं. हळूहळू बाकीच्या कंपन्यांनीही कुलूप बसवायला सुरुवात केली. उभ्या गाडीत खेळता खेळता लहान मुलं दांडा ओढतात आणि गाडी उताराला लागते, अशा अपघातांचा विचार करून अमेरिकेने २००८ मध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी एक कायदा केला आणि १ सप्टेंबर २०१० पासून 'पी' असलेल्या प्रत्येक नव्या छोट्या गाडीला हे कुलूप सक्तीचं झालं. "दोन मिनिटांत येतो, एसी चालू ठेवलाय" असं सांगून पोराला गाडीत सोडून वडे आणायला जाणारे बाबा आपल्याकडेही आहेत. पोराला वडे मिळेपर्यंत त्याचं रक्षण ही बारकीशी खीळच करत असते.

आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडी बराच काळ श्रीमंतांचीच मानली जाई. सामान्य घरांत तिला पोहोचवलं ते २०१४ च्या मारुती सेलेरिओने, एएमटी गिअरबॉक्स देऊन. हा गिअरबॉक्स आतून आपला नेहमीचाच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला एक यंत्र नेमलेलं. त्यामुळे अशा गाड्यांच्या दांड्यावर सहसा 'पी' नसतोच. मग 'पी' शोधत बसलेले लोक दिसतात. "अहो, याच्यात पार्किंग दिलेलं नाही!" "कसं दिलेलं नाही? टॉप मॉडेल घेतलंय!" तिथे हँडब्रेक ओढणं आणि गाडी गिअरमध्येच ठेवून बंद करणं, हे जुनंच औषध. मात्र आजोबा तिथेही आहेत. सुरू करायला बहुधा न्यूट्रल लागतो आणि ब्रेकवर पाय.

तसं पाहिलं तर हा ब्रेकचा शिरस्ता आपल्याला अगदीच नवा नाही. गिअरलेस स्कूटरला सेल्फ मारताना ब्रेकचा लिव्हर दाबावा लागतो, आणि स्कूटर चालवणाऱ्या आज्या तो न सांगता दाबतात. तक्रार असते ती फक्त मोटारीबद्दल. आणि गाडी घसरू नये म्हणून आपल्या घाटांत जे मूळ कुलूप वापरलं जातं, त्यात ना वीज लागते ना स्विच: चाकामागे दगड. बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे क्लीनर धावत जाऊन दगड लावतो. ट्रक निघतो, दगड रस्त्यात तिथेच राहतो आणि मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जातो. सुरक्षेची जबाबदारी पुढच्याकडून मागच्याकडे इतक्या सहजतेने सोपवणारी दुसरी यंत्रणा जगात नसेल.

खरी गंमत आहे ती पायांची. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आपल्याला उजवीकडून ए-बी-सी शिकवलेलं असतं: ॲक्सिलरेटर, ब्रेक, क्लच. डावा पाय वीस-पंचवीस वर्षं क्लचवर इमानेइतबारे नोकरी करतो आणि ऑटोमॅटिक गाडी आली की एका सकाळी त्याला घरी बसवलं जातं. निवृत्त माणसाला घरात चैन पडत नाही, हे आपण जाणतो. सिग्नल आला की तो सवयीने क्लच शोधतो आणि त्याला तिथे ऐसपैस ब्रेक सापडतो. मग तो क्लचच्या ताकदीने ब्रेक दाबतो. मागच्या सीटवरचे आप्त एका क्षणात पुढच्या सीटवरच्या आप्तांच्या खांद्यावर येतात आणि घरातले ताणलेले संबंध काही काळ जवळचे होतात. शिफ्ट लॉकला यातलं काही कळत नाही. पाय डावा आहे की उजवा, हे त्याला दिसत नाही. पेडल दबलं, दिवा लागला, विषय संपला.

कधीतरी मात्र असं होतं, की ब्रेक दाबूनही 'टक्' वाजत नाही. आपल्याकडच्या पुरुषाचा पहिला उपाय म्हणजे जोर, दुसरा उपाय म्हणजे आणखी जोर आणि तिसरा उपाय म्हणजे यूट्यूब. कारण बहुतेकदा किरकोळ असतं. ब्रेकचा स्विच खराब झालेला असतो, नाहीतर त्याचा फ्यूज उडालेला असतो. फ्यूज उडण्याचं श्रेय अनेकदा मागे हौसेने बसवून घेतलेल्या लुकलुकत्या लाल-निळ्या दिव्यांकडे जातं. ॲक्सेसरीवाला ब्रेकलाइटची तार सोलून त्यात आपली तार गुंडाळतो आणि वर टेप लावून "लाइफटाइम गॅरंटी" देतो.

बॅटरी उतरली तरीही हेच होतं, कारण विजेशिवाय सोलेनॉइड काहीच करू शकत नाही. सोसायटीच्या तळघरात अशी एक गाडी दुसऱ्याच्या गाडीला आडवी लागलेली असली, की रविवार सकाळ सार्थकी लागते. आठ जण मिळून ढकलतात. पुढची चाकं त्या खिट्टीने अडकलेली, त्यामुळे गाडी ढिम्म. सेक्रेटरी म्हणतात, "एकदम जोर लावा, गणपती बाप्पा..." आणि "मोरया" होतं, पण गाडी तसूभरही सरकत नाही. एकजण मागचा बंपर उचलून बघतो आणि मग आठवडाभर कंबरेला पट्टा बांधून हिंडतो. शेवटी वॉचमन येतो. त्याने आधीच्या नोकरीत साहेबाची गाडी चालवलेली असते. तो कुणाला तरी ब्रेकवर बसवतो, दांड्याजवळची नखाएवढी टोपी उचकटतो, आत स्क्रूड्रायव्हर दाबतो आणि दांडा 'एन'मध्ये आणतो. बहुतेक गाड्यांत अशी आतून कुलूप उघडायची सोय असते आणि ती माहितीपुस्तकात लिहिलेली असते. माहितीपुस्तक मात्र प्लास्टिकच्या मूळ पिशवीत, हवाबंद, पुढच्या पिढीसाठी जपून ठेवलेलं असतं.

नव्या गाड्यांमध्ये दांडाही जाऊ लागला आहे. त्याच्या जागी गोल खुंटी येते, बटणं येतात, नाहीतर हात सोडला की पुन्हा मधोमध येणारी नाजूक काडी येते. जुना दांडा निदान कुठे आहे हे हाताला सांगत असे. ही काडी काही सांगत नाही. फियाट क्रायस्लरच्या गाड्यांतल्या अशाच दांड्यामुळे लोकांना गाडी 'पी'त आहे की नाही ते कळेना, आणि २०१६ मध्ये जगभरातल्या ११ लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी जूनमध्ये अँटन येल्चिन हा तरुण अभिनेता आपल्याच घरासमोरच्या उतारावर अशाच गाडीने चिरडला जाऊन गेला. त्यानंतर दार उघडताच स्वतःहून 'पी' घेणाऱ्या गाड्यांची गरज सगळ्यांना पटली. एडसेलची बटणं हास्यास्पद होती म्हणून आपण हसलो. साठ वर्षांनी तोच प्रश्न वेगळ्या रूपात पुन्हा आला.

तेव्हा कुलपाकडून किती अपेक्षा ठेवायची, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. आजोबा फक्त उंबऱ्याशी विचारतात. एकदा 'पी'मधून बाहेर पडलात, की पुढे तुमचा पाय कुठे जातो, रिव्हर्स घेताना मागे कोण उभं आहे, यात त्यांचं लक्ष नसतं. ते तुमचं एका क्षणापुरतं रक्षण करतात आणि तेवढं चोख करतात. उरलेला प्रवास आपला. त्यासाठी चार गोष्टी सांगतो, आणि त्यांचा स्टिकर मी घरी पाठवणार नाही, म्हणून इथेच वाचून घ्या.

उतारावर गाडी लावताना आधी ब्रेक दाबून ठेवा, 'एन'मध्ये या, हँडब्रेक ओढा, पाय सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून 'पी' घ्या. नाहीतर सगळा भार त्या खिट्टीवर येतो आणि सकाळी दांडा काढताना जो दणका बसतो, त्याला लोक गिअरबॉक्सचा दोष समजतात. डाव्या पायाला पेन्शनीत सुखाने बसू द्या. मुलांना चालू गाडीत एकटं सोडू नका. खीळ शहाणी असली तरी ती आईबाप नव्हे. आणि ब्रेक दाबूनही दांडा 'पी'मधून हलला नाही, तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका, टोपीत स्क्रूड्रायव्हरही लगेच खुपसू नका. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि मागे जाऊन लाल दिवे लागतात का ते बघा. लागत नसतील, तर तुम्ही घाटात ब्रेक मारल्याचं मागच्या ट्रकला कळणार नाही. तशी गाडी बाहेर काढू नका. आधी फ्यूज आणि स्विच तपासा.